पिठाचा आवाज

आमच्या गावात जानेवारीत सूर्य येत नाही.
दक्षिणेचा डोंगर उंच, त्याच्यामागेच उगवून मावळतो.
तेव्हा ते कोसळलं तेव्हा पहाट होती की दुपार,
मला विचारू नका. अंधार होता.
बाकीचं ज्याच्या त्याच्या अंगाला विचारा.

केटिलच्या हातांना विचारा.
नऊ तास बर्फ उपसला त्यांनी,
आधी फावड्याने, मग माशांच्या पेटीच्या झाकणाने,
मग नुसतेच.
अजून झोपेत गादी उकरतात.
बायको त्यांना लोकरीचे मोजे चढवते रात्री,
तान्ह्या बाळाने स्वतःला ओरबाडू नये म्हणून
चढवतात तसे.

हाल्डोरा मास्तरीण थडग्यापाशी हसली.
सात पेट्या, पाद्र्याचा घोगरा आवाज,
आणि ही ओठ चावतेय, तोंडात रुमाल कोंबतेय,
खांदे गदगदतायत.
गावाने तिला अजून माफ केलेलं नाही.
मी शेजारी उभी होते. ते हसू नव्हतं.
किटलीवरचं झाकण होतं.

स्टेनुनचं दूध त्याच रात्री आटलं.
आणि तीन घरं पलीकडे उन्नूरला,
जिचा धाकटा बारा वर्षांचा,
पान्हा फुटला.
हे तिने मला सांगितलं पोहण्याच्या तलावात,
गरम पाण्यात हनुवटीपर्यंत बुडून,
वाफेकडे बघत.
मी म्हटलं, होतं असं.
होतं का असं? मला काय ठाऊक.

म्हणतात, हातपाय गळतात.
माझे नाही गळाले. मी याद्या केल्या.
घोंगड्या किती, कॉफी किती,
सापडलेल्यांचा एक रकाना, न सापडलेल्यांचा एक.
अक्षर इतकं वळणदार आलं
की शाळेत कधी आलं नव्हतं.
म्हणतात, काळजाचं पाणी होतं.
माझ्या बहिणीचं नाव मी
एका रकान्यातून खोडून तिसऱ्यात लिहिलं,
तिसरा तेव्हाच आखला, पट्टीने,
आणि पेन्सिलीला टोक केलं.
लोक म्हणाले, धीराची आहे हो.
मलाही तसंच वाटलं.
उन्हाळाभर जेवले, झोपले, कारखान्यात कॉड चिरला,
एक दिवस रजा नाही.

मग सप्टेंबर.
आउस्ग्रिमुरच्या बेकरीत
फळीवरून पिठाचं पोतं घसरलं.
मोठा आवाज नाही.
फस्स.
मऊ. जवळजवळ प्रेमळ.

आणि मी काउंटरखाली होते.
कशी गेले ते गुडघ्यांना माहीत.
दातखीळ बसलेली, जिभेवर लोखंडाची चव,
चड्डी ओली,
आणि एक बाई कुठेतरी म्हणत होती, वर हवा आहे, वर हवा आहे,
तो माझाच आवाज निघाला.
आठ महिने कुठे होतं हे सगळं?
कुठल्या खिशात?

आउस्ग्रिमुरने डॉक्टरला फोन केला नाही.
पाणी आणलं नाही.
काउंटरला वळसा घालून आला
आणि ऐंशी किलोचा तो माणूस
पिठात फतकल मारून बसला माझ्या शेजारी.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
मी जानेवारीपासून
दार लावून आंघोळ केलेली नाही.
सासू येते तरीही.

मी हसले. हाल्डोरासारखी.

पुढच्या जानेवारीच्या शेवटी
सूर्य आला, अकरा मिनिटं,
चर्चच्या भिंतीवर एवढासा चतकोर.
रीतीप्रमाणे गोड धिरडी झाली, कॉफी झाली,
सगळं गाव अंगणात उतरलं.
ऊन दक्षिणेचं,
आणि तो डोंगर उत्तरेला.
दरवर्षी आम्ही सरळ उन्हाकडे तोंड करून उभे राहतो.
या वर्षी सगळे तिरके.
कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.
एक गाल उन्हाला दिलेला,
एक डोळा मागे.

केटिलच्या हातात बशी होती.
धिरडं त्याने
नखांनी उकरून खाल्लं.